बाई, जरा थांबा ना

‘बाई, माझी पुस्तक हरवली.’

मुंबईतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतला पाचवीचा मराठीचा तास. मी मागच्या बाकावर, गुडघे कसेबसे आत कोंबून बसले होते. बाईंनी लगेच विचारलं, ‘अगोबाई, तुझं पुस्तक हरवलं? कुठे?’ मुलगी म्हणाली, ‘रिक्षात.’ तास पुढे सरकला. पाच मिनिटांनी तीच मुलगी शेजारणीला सांगत होती, ‘माझी पुस्तक ना, रिक्षात राहिली.’

बाईंनी चूक सुधारली होती, तीही न रागावता, बोलण्याच्या ओघात. तरी ती दुरुस्ती मुलीच्या कानावरून गेली. तिच्या जागी बसून पाहिलं की कारण कळतं. तिच्या घरी हिंदी. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंग त्या भाषेत नाहीच. ‘माझी पुस्तक’ तिच्या कानाला ठणठणीत बरोबर वाटतं. त्यात बाईंनी ‘कुठे?’ विचारलं, म्हणजे सगळं लक्ष रिक्षाकडे. ‘तुझं’मधल्या त्या एवढ्याशा ‘झं’कडे कोण बघतंय?

हा प्रकार रॉय लिस्टर आणि लीला रांटा या दोन संशोधकांनी कॅनडात मोजला. माँट्रियलच्या परिसरात फ्रेंचमधून शिकणाऱ्या मुलांच्या प्राथमिक वर्गांचं ध्वनिमुद्रण करून १९९७ साली त्यांनी निष्कर्ष छापले. शिक्षकांच्या दर शंभर दुरुस्त्यांपैकी ५५ आपल्या बाईंसारख्या होत्या: मुलाचं वाक्य शुद्ध करून परत म्हणायचं आणि पुढे जायचं. मुलांनी अशा दुरुस्तीची काही दखल घेतली ती जेमतेम ३१ टक्के वेळा. उलट शिक्षक अर्ध्यावर थांबले आणि ‘हे कसं म्हणतात बरं?’ असं विचारून त्यांनी चेंडू मुलाकडे टोलवला, तेव्हा मुलं दर वेळी काहीतरी बोललीच. पण ही पद्धत शिक्षक त्या मानाने बरीच कमी वापरत होते. दखल घेतली म्हणजे भाषा पक्की झाली असं मात्र नाही, आणि या मुद्द्यावर पुढे बरेच वाद झाले. माझ्यापुरतं म्हणाल, तर त्या मागच्या बाकावर बसल्यापासून माझं मत बनलं आहे: भाषेच्या वर्गात शिक्षकाचं सर्वांत अवघड काम म्हणजे योग्य वेळी गप्प राहणं.

कॅनडातल्या या वर्गांनी आणखी एक कोडं घातलं होतं. तिथे १९६५पासून इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. वर्षानुवर्षं रोज कानावर फ्रेंच पडत होती, आणि मुलांना ती उत्तम समजायचीही. बोलायला-लिहायला लागली की मात्र व्याकरण लंगडायचं. मेरिल स्वेन या कॅनडातल्याच संशोधिकेने १९८५ साली त्याचं उत्तर असं मांडलं: ऐकताना अर्थ संदर्भावरून लागतो, ‘पुस्तक’ आणि ‘हरव’ एवढं ऐकू आलं तरी काम भागतं. बोलताना ‘हरवला, हरवली की हरवलं’ हे ठरवावंच लागतं. आपल्याला नेमकं काय येत नाही, ते तोंड उघडल्यावरच कळतं.

शब्दांचंही तसंच. अमेरिकेतल्या जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिलीचे ४० शब्द दिले. ‘माशुआ’ म्हणजे होडी, अशा जोड्या. सगळ्यांना सगळे शब्द एकदा आले. त्यानंतर काहींना आलेला शब्द फक्त पुन्हा पुन्हा दाखवला. काहींना तो पुन्हा पुन्हा विचारला. आठवड्याने पहिल्यांना सुमारे ३५ टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना सुमारे ८० टक्के. गंमत म्हणजे ‘आठवड्याने किती आठवेल?’ असं आधी विचारलं होतं, तेव्हा सगळ्या गटांचा अंदाज सारखाच होता, निम्म्याच्या आसपास. म्हणजे स्वतःच्या स्मरणशक्तीला काय मानवतं, हे शिकणाऱ्यालाही कळत नाही. ‘हा शब्द दहादा लिहून आण’ या आपल्या लाडक्या शिक्षेची मला शंका येते ती इथेच. दुसऱ्यांदा लिहिताना शब्द डोळ्यांसमोर असतो, डोक्यातून काही काढावंच लागत नाही. वही मिटून एकदा लिहायला लावा, तेवढ्यानेही फरक पडेल.

पण डोक्यातून काढायला वेळ लागतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांना घड्याळ लावलं आणि १९७४ साली लिहिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. ती मुलं त्यांच्या शाळेच्याच भाषेत विचार करत होती. आमच्या पाचवीतल्या मुलीला विचार आधी सुचायचा हिंदीत, मग शब्द शोधायचे, मग लिंग, मग क्रियापद. तिला एक सेकंद म्हणजे काहीच नाही.

आता प्रश्न असा की ही शांतता मुलाला संधी वाटेल की फजिती? वर्ग फिदीफिदी हसत असेल, तर तीन सेकंद म्हणजे तीन सेकंदांची शिक्षा. हंगेरीत झोल्टान डॉर्नेई आणि काता चिझेर यांनी २०० इंग्रजी शिक्षकांना विचारून विद्यार्थ्यांत उमेद जागवणाऱ्या दहा गोष्टींची यादी केली, १९९८ साली. पहिल्या स्थानावर आलं शिक्षकाचं स्वतःचं वागणं, त्याच्या पाठोपाठ वर्गातलं मोकळं वातावरण.

ते वागणं म्हणजे काय, ते त्याच वर्गात पाहायला मिळालं. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे या बाईंपुढे तमिळ, गुजराती, बंगाली घरांतली मुलं बसलेली. केळ्याचा विषय निघाला. बाईंनी तमिळ मुलाला विचारलं, ‘तुमच्याकडे काय म्हणतात?’ तो म्हणाला, ‘वाळैप्पळम.’ बाईंनी म्हटलं. तो म्हणाला, ‘नाही, बाई.’ त्या शब्दातला ‘ळ’ आपला ‘ळ’ नव्हे, जीभ अधांतरी ठेवून काढायचा आवाज तो. बाईंनी चारदा प्रयत्न केला, चारदा फसल्या. वर्ग हसला, बाईही हसल्या. नंतर तोच मुलगा मराठीत अडखळला, तेव्हा कुणी हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. मी बाईंना लिस्टर-रांटांचं सांगितलं होतं. त्यांनी ‘करून बघते’ म्हटलं, वर ‘पहिल्या बाकावरचे दोघं उत्तर ओरडतात त्यांचं काय करू?’ असंही विचारलं. तोडगा त्यांनीच काढला: हात वर करायचे नाहीत, सगळ्यांनी आधी पाटीवर लिहायचं, मग बाई कुणालाही उभं करणार.

ती मुलगी उभी राहिली. ‘बाई, पुस्तक मिळाली.’

बाई गप्प. पाठीमागे धरलेल्या बोटांवर त्यांनी सेकंद मोजले, एक, दोन, तीन. मुलीने पाटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

‘मिळाला?’

बाई अजून गप्पच. चौथं बोट.

‘थांबा, बाई,’ मुलगी म्हणाली, ‘सांगू नका.’