चुकलेलं नाणं म्हणायचं कशाला?

चौलला आत्याच्या माळ्यावर एक पितळी डबा आहे, त्यात दोन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांची तांब्याची नाणी. भाच्याने कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि ओरडत आला, मामा हे मिसप्रिंट आहे, "श्री राजा" दिसतंय पण "शिव" अर्धंच, लाखात जाईल! मी म्हटलं बाबा, बहुतेक शिवराया अशाच असतात.

शिवराई सुरू झाली 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमाराला, आणि सगळं काम हातावरचं. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा धरायचा, घण घालायचा, झालं. ठसा चकतीपेक्षा मोठा, मग अक्षरं बाहेर जाणारच ना. त्याच्या अजून एक पायरी पुढची म्हणजे आदिलशाहीतली लारी, आपल्या दाभोळ बाजूला चालायची, नाणं कसलं, चांदीची दुमडलेली तार, थेट मासे धरायच्या गळासारखी, आणि तिच्यावर मजकुराचा जेमतेम तुकडा उमटलेला. त्या काळात याला चूक कोण म्हणणार?

चूक जन्माला आली ती मशीनबरोबर. 1829 पर्यंत मुंबईची टांकसाळ बांधून झाली, वाफेची यंत्रं आली, 1835 च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया सगळीकडे एकसारखा झाला, 180 ग्रेन म्हणजे साधारण 11.66 ग्रॅम. सगळी नाणी एकसारखी म्हटल्यावर वेगळं पडलेलं लगेच डोळ्यात भरायला लागलं. पाडलेलं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि खाली नवीन चकती आली की एका बाजूला नेहमीचं चित्र, दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट, याला बाजारात लाखी म्हणतात. चकत्या धातूच्या पत्र्यातून पंच मारून, म्हणजे ठोकून कापतात, पत्रा नीट पुढे सरकला नाही तर पंच आधीच्याच भोकावर पडतो आणि चकती चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघते. इथे फसवाफसवी फार चालते, कानस मारून कोणीही कड खाऊ शकतो. पण खरं असेल तर बऱ्याचदा त्या कापाच्या बरोबर समोरची किनारही पुसट असते, ते कानशीने जमत नाही.

1911 चा पाचव्या जॉर्जचा रुपया मात्र गमतीशीर. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, बोंबाबोंब झाली, बराचसा माल परत घेऊन वितळवला आणि 1912 ला हत्ती नीट काढला. तसं बघितलं तर टांकसाळीची त्यात काही चूक नाही, ठसा जसा होता तसाच उमटला, तरी मागणी आहेच.

आणि सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी छोटी खूण दिसली म्हणून उड्या मारू नका, ती मुंबई टांकसाळीची खूण आहे, ढिगाने सापडते. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांना तर पैसे देऊच नका, आम्ही जुनी नाणी घेत-विकत नाही असं बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय.

आत्याच्या शिवराया? खाऱ्या हवेने हिरव्या पडल्या होत्या, म्हणून तिने गणपतीच्या भांड्यांबरोबर आमसुलाने घासून लख्ख केल्या. जी काय थोडीफार किंमत आली असती ती तिथेच धुऊन गेली. आता देव्हाऱ्यात आहेत.