टेरेसर ब्लेड की पेटी लेव्हलर: माती ढकलायची आहे की वाहून न्यायची आहे?

मिनी ट्रॅक्टर दारात आला की पहिल्या उन्हाळ्यातच प्रश्न पडतो, सपाटीकरणाला मागं काय जोडायचं? दुकानात दोन वस्तू शेजारी शेजारी उभ्या असतात. एक म्हणजे लांब, किंचित वळलेलं पातं, वरच्या पिनवर डावी-उजवीकडं फिरणारं. दुसरी म्हणजे मागून आणि दोन्ही बाजूंनी बंद असलेली, तळाशी धारदार पट्टी लावलेली लोखंडी पेटी. पहिलं टेरेसर ब्लेड, दुसरा पेटीचा लेव्हलर. पण आपल्याकडं दोन्हींना सर्रास 'लेव्हलर' म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मीही 'लेव्हलर द्या' म्हणालो आणि ब्लेड घेऊन घरी आलो.

बैलांवर शेती केलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. त्याच्याकडं फळी होती आणि केणीही होती. फळीनं ढेकळं फुटायची, रान वरवर सारखं व्हायचं. उंचवट्याची माती खड्ड्यात न्यायची तर केणीच लागायची. मागच्या मुठी जरा उचलल्या की केणीचं तोंड मातीत शिरायचं, भरली की मुठी दाबून ओढत न्यायची आणि खोलगट जागी आली की मुठी वर करून उलटायची. पेटी लेव्हलर ही ट्रॅक्टरची केणी आहे. टेरेसर ब्लेड माती बाजूला सारतं.

माझ्या 20 गुंठ्यांच्या तुकड्यात वरच्या बांधाकडं उंचवटा होता आणि खालच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात पाणी तुंबायचं. ब्लेड सरळ लावून उंचवट्यावरून खाली यायला लागलो. पहिल्या दहा पावलांत पात्यासमोर छान माती जमली. पुढच्या वीस पावलांत ती दोन्ही टोकांनी सांडत गेली आणि कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पात्यापुढं ओंजळभर उरली. मागं वळून पाहिलं तर रानात मातीच्या लांब ओळी पडलेल्या, सऱ्या पाडल्यासारख्या. दोन दिवस डिझेल जाळलं, तुंबणारा कोपरा होता तिथंच होता.

दुसरी गोष्ट त्याहून चिवट निघाली. रान लाटालाटांचं झालं. याचं कारण ट्रॅक्टरच्या बांधणीत आहे. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टरची मागची बाजू खाली बसते आणि पातं खोल शिरतं. मग मागची चाकं त्याच उंचवट्यावर येतात आणि पातं वर उचललं जातं. म्हणजे लहानशी लाट असेल तर ब्लेड तिची नक्कल करत जातं, दुसऱ्या फेरीला ती आणखी ठळक होते. पेटीच्या बाजूच्या पत्र्यांना जमिनीवर लांब टेकू मिळतो, त्यामुळं ती छोट्या खड्ड्यावरून सरकत जाते आणि सोबतची माती त्यात सोडते. अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा लिव्हर सारखा वरखाली करत बसलं की पेटीनंही लाटा पडतात, हेही लक्षात ठेवा. एकदा उंची धरली की चार-पाच मीटर तरी हात आवरायचा.

मग ब्लेड वाया गेलं का? अजिबात नाही. पाणंदीचा रस्ता नीट करायचा आहे, मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतार द्यायचा आहे, तर तिथं ब्लेडच लागतं. पातं तिरकं केलं की माती एका टोकानं अखंड सांडत जाते, आणि रस्त्याला तेच हवं असतं. वरून येणारं पाणी वळवायला उथळ चर काढणं, बांधाला माती लावणं, ट्रॉलीनं टाकलेले शेणखताचे किंवा मुरमाचे ढीग पांगवणं, हीसुद्धा ब्लेडची कामं. पातं पूर्ण उलटं फिरवलं की ट्रॅक्टर मागं घेत ढीग ढकलताही येतो. पेटीला तिरकं होता येत नाही, म्हणून चर काढायला ती निरुपयोगी आहे.

निवड करताना मी आता एकच विचारतो: माती दोन-तीन मीटर बाजूला जायची आहे, की पंचवीस मीटर लांब? बाजूला असेल तर ब्लेड, लांब असेल तर पेटी.

पेटी चालवण्याचं सगळं कसब टॉप लिंकमध्ये, म्हणजे ट्रॅक्टर आणि अवजार वरच्या बाजूनं जोडणाऱ्या, लांब-आखूड होणाऱ्या दांड्यात आहे. टॉप लिंक आखूड केली की पेटीचं पुढचं तोंड खाली झुकतं, काप खोल बसतो. लांब केली की पुढचा भाग उचलला जातो आणि मागची पट्टी माती पसरवत जाते. कापताना आखूड, शेवटच्या फेऱ्यांना लांब. काही पेट्यांना पुढं दात असतात. मुरमाड किंवा तुडवून घट्ट झालेल्या जागेत ते खाली सोडल्याशिवाय पेटी नुसती घासत जाते. दात नसतील तर आधी कल्टिव्हेटरचा एक हात फिरवून माती मोकळी करून घ्या.

रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडी जास्त हवी. अरुंद घेतली की प्रत्येक फेरीत चाकाचा पट्टा उरतोच. उलट 20 एचपीच्या ट्रॅक्टरला मोठ्या ट्रॅक्टरची सात फुटी पेटी लावली तर ती भरल्यावर चाकं जागेवर फिरतात, आणि उचलली की पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही. पुढं वजनं लावा, पण त्यालाही मर्यादा आहे.

इथं एक हिशेब मांडतो, कारण छोट्या ट्रॅक्टरकडून होणाऱ्या बऱ्याच अपेक्षा त्यातच विरघळतात. एक एकर म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर. समजा निम्म्या रानातून सरासरी 10 सेंटिमीटर माती काढून उरलेल्या निम्म्यात टाकायची आहे. 2,000 चौरस मीटर गुणिले 0.1 मीटर, म्हणजे 200 घनमीटर माती. चार फुटी पेटी काठोकाठ भरली तरी तिच्यात पाव घनमीटरही माती बसत नाही. म्हणजे किमान 800 भरलेल्या फेऱ्या, आणि तितक्याच रिकाम्या. एवढं काम असेल तर जेसीबी किंवा डोझर तासावर बोलवा आणि शेवटचा हात तेवढा आपल्या पेटीनं फिरवा. चार-सहा बोटांचे उंचसखल भाग मात्र मिनी ट्रॅक्टर निवांत काढतो.

खोल कापण्याआधी खाली काय आहे ते बघा. आपल्याकडच्या कितीतरी माळरानांत वरची माती वीतभर आणि खाली लगेच मुरूम असतो. उंचवटा छाटला की मुरूम उघडा पडतो आणि त्या पट्ट्यात पीक वर्षानुवर्षं पिवळं राहतं. अशा ठिकाणी वरची माती आधी एका कडेला ओढून ठेवायची, खालचा थर सारखा करायचा आणि मग ती माती परत अंथरायची. वेळखाऊ आहे, पण जमीन वाचते. काळ्या रानात पाण्याचा निचरा व्हायला बेताचा उतार राखा, पार आरशासारखं सपाट करू नका. आणि ओल बघून जा: चिकट असताना काळी माती पेटीतून सुटत नाही, चाकाखाली दाबून वीट होते. वाफसा आल्यावर काम हलकं जातं.

आता जागा साफ करण्याबद्दल, कारण झुडपं असलेल्या रानात पेटी घालून काही साधत नाही. गाजर गवत फुलायच्या आत कापा किंवा उपटा, ते सोपं आहे. हरळीच्या रानात मात्र रोटाव्हेटर घालू नका, हे मी हात जोडून सांगतो. रोटाव्हेटर हरळीच्या काशांचे, म्हणजे मातीत पसरणाऱ्या पेरेदार खोडांचे, तुकडे करतो आणि प्रत्येक पेरातून नवा फुटवा येतो. हरळीला उन्हाळ्यात खोल नांगरट, काशा वेचणं आणि ऊन हाच उपाय.

वेड्या बाभळीची आणि घाणेरीची बुडखं ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढायचा मोह होतो. साखळी कधीही टॉप लिंकला किंवा वरच्या कुठल्याही भागाला बांधू नका. बुडखा हलला नाही की मागची चाकं रोवली जातात आणि ट्रॅक्टर पुढून उभा राहून चालकावर उलटतो. हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. ओढायचंच असेल तर ट्रॅक्टरच्या मागं खाली असलेल्या ओढपट्टीला, म्हणजे ड्रॉबारलाच बांधा, झटके देऊ नका, आसपास कुणालाही उभं राहू देऊ नका. माझं मत विचाराल तर मनगटापेक्षा जाड बुडखा कुदळ-कुऱ्हाडीनं मोकळा करावा किंवा जेसीबीवर सोडावा.

साफसफाई आणि सपाटी झाल्यावर मी गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी आणतो. एक टोक वरच्या बांधाशी खुंटीला, दुसरं टोक हातात घेऊन मुलगा दर दहा पावलांवर थांबतो आणि पाण्याची रेघ कुठं आली ते खुंटीवर खडूनं मारतो. तासाभरात सगळ्या रानाचे चढउतार कळतात. तरीही भरावाची माती पहिल्या पावसात बसते. म्हणून पहिला मोठा पाऊस पडून गेला की छत्री घेऊन रानात जा, जिथं पाणी साचलं असेल तिथं काठ्या रोवा. पुढच्या उन्हाळ्यात पेटी त्या काठ्यांकडं न्यायची.