वीकचा किनारा की रेनिसफ्यारा?

आइसलंडच्या दक्षिण टोकाचे फोटो पाहताना हमखास गोंधळ होतो. काळी वाळू, पाण्यातून वर आलेले सुळके, बाजूला ताशीव कडा. नाव मात्र कधी वीक, कधी रेनिसफ्यारा. हे दोन वेगळे किनारे आहेत. मध्ये ३४० मीटर उंचीचा रेनिसफ्यात्ल डोंगर आहे. त्याच्या पूर्वेला वीक गाव आणि गावचा किनारा, पश्चिमेला रेनिसफ्यारा. एकीकडून दुसरीकडे जायला गाडीने डोंगराला वळसा घालावा लागतो.

समुद्राकडे तोंड करून उभे राहा. सुळके उजव्या हाताला दिसले तर तुम्ही वीकला आहात, डाव्या हाताला दिसले तर रेनिसफ्याराला. हे सुळके म्हणजे गलबत ओढून आणताना उजाडलं आणि दगड झालेले राक्षस, असं तिथली लोककथा सांगते. कड्यातले प्रसिद्ध दगडी खांब आणि गुहा मात्र रेनिसफ्याराची. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि असे कोनदार खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल अशाच खांबांची आहे.

खांबांपाशी फोटो काढायचा मोह प्रत्येकाला होतो आणि धोका नेमका तिथेच आहे. दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत लाटांना अडवायला जमीन नाही. किनाऱ्यालगत तळ एकदम खोल जातो, त्यामुळे लाट दूरवर फुटून मरत नाही, थेट वाळूवर चढते. बराच वेळ लहान लाटा येतात, मग एखादी अचानक कड्यापर्यंत पोचते. मागे कडा, पायाखाली सरकणारे गोटे. पळायला वाट उरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये इथे नऊ वर्षांची मुलगी वाहून गेली. वाटेवर लाटांच्या इशाऱ्याचा दिवा आहे. तो लाल असेल तर खाली उतरूच नका, कितीही लांबून आला असलात तरी. हिरवा असला तरी पाण्याकडे पाठ करू नका.

मुलं सोबत असतील तर मी वाळूवर फिरायला वीकच निवडेन. पोहण्याजोगं पाणी तिथेही नाही, लाटांपासून लांबच राहायचं, पण गाव लागून आहे आणि कड्याखाली अडकायची वेळ येत नाही.

रेनिसफ्यारा अख्खा पाहायचा तर पश्चिमेच्या दिरहोलाएय भूशिरावर चढा. सुमारे १२० मीटरवरून खांबांचा कडा, सुळके आणि काळ्या वाळूवर चढणारी प्रत्येक लाट दिसते. उन्हाळ्यात पफिन हे समुद्रपक्षीही दिसतात. फक्त पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत काही भाग बंद ठेवतात, तेवढं निघण्यापूर्वी बघून घ्या.