च्युबाकाचा आवाज नक्की कुणाचा? एकदाचा खुलासा

साताऱ्यात राजवाड्यावर भेळ खाताना 'स्टार वॉर्स' या इंग्रजी पिक्चरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतंच, त्यातल्या च्युबाका नावाच्या केसाळ परग्रहवासी गड्याचं ते गुरगुरणं म्हंजे सूट घालून त्याचं काम करणाऱ्या नटाचा, पीटर मेह्यूचाच आवाज. नाय ओ! साउंडवाल्या बेन बर्टनं १९७७च्या पिक्चरसाठी अस्वल, सिंह, वॉलरस असल्या जनावरांचे आवाज रेकॉर्ड केले आणि तुकडे जोडून जोडून तो आवाज उभा केला, त्यात अस्वलाचा वाटा लय मोठा. मेह्यू सेटवर चक्क इंग्रजीत डायलॉग बोलायचा, ते पिक्चरमध्ये ठेवलेच नाहीत. पण म्हणून त्याचं क्रेडिट कमी करू नका हां, ७ फूट ३ इंचाचा गडी, अंगभर केस, स्वतःचे म्हणून दिसायचे ते फक्त डोळे, आणि तेवढ्यावर मान जराशी तिरकी करून रुसवा, काळजी, वैताग सगळं दाखवायचा, असलं काम अस्वलाच्या बापाला जमणार नाय.