नदी दिसली की समजा, पुढे गेलात

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत माझ्या नेहमीच्या कोथिंबीरवाल्या मावशींच्या काट्याला क्यूआर कोडचा एक स्टिकर चिकटवलेला आहे. उजवीकडचा खालचा कोपरा पाण्याने फुगलाय, मधून एक ओरखडा गेलाय आणि मेथीचं एक पान त्यावर सुकून बसलंय. तरी फोन समोर धरला की कोड लगेच वाचला जातो. माझ्या चष्म्यावर एवढा ओरखडा असता तर मला पाटीवरचा भावसुद्धा दिसला नसता.

मावशींचं नशीब असं, की भिजलाय तो नेमका कमी महत्त्वाचा कोपरा. बाकीच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. कोड कुठे आहे आणि कसा फिरलाय हे कॅमेऱ्याला त्यांच्यावरून कळतं. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार केला. गो या खेळाच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून हारांना कल्पना सुचली, असं ते स्वतः सांगतात. ते चौकोनही उगाच तसे नाहीत. मधून रेघ मारली तर काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा अशा पट्ट्या १:१:३:१:१ या प्रमाणात येतात. इतर छापील मजकुरात सर्वांत कमी आढळणारं प्रमाण कोणतं, हे शोधून ते निवडलं होतं.

पण ओरखड्याखाली गेलेले ठिपके फोन वाचतो कसे? तो ते वाचत नाही, हिशेबाने काढतो. समजा मला ३ आणि ५ हे दोनच आकडे कळवायचे आहेत. आलेखावर हे दोन बिंदू मांडून त्यांतून सरळ रेघ ओढली तर पुढचे बिंदू ७, ९, ११ येतात. मी पाचही आकडे पाठवतो. वाटेत ७ चा ७० झाला तरी बाकीचे चार एका रेघेत आहेत आणि हा एकटाच बाहेर पडलाय, हे तुम्हाला दिसेल. कोणतेही तीन आकडे पार पुसले गेले, तरी उरलेल्या दोघांतून तीच रेघ पुन्हा ओढता येते. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेली पद्धत मुळात हीच, फक्त सरळ रेघेऐवजी तिथे बहुपदी असतात आणि गणित जरा वेगळ्या प्रकारच्या अंकांवर चालतं. गाण्याच्या सीडीवर चरा पडला तरी गाणं अडत नसे, ते याच गणितामुळे. क्यूआर कोडमध्ये हे संरक्षण चार पातळ्यांवर मिळतं: सर्वांत हलक्या पातळीवर सुमारे ७ टक्के आणि सर्वांत कडक पातळीवर सुमारे ३० टक्के मजकूर खराब झाला तरी चालतो.

थोडक्यात, कामापुरतं सांगून थांबायचं नाही, वर थोडं जास्तीचं सांगून ठेवायचं. या जास्तीला आपण ‘वरकड’ म्हणू. तिचं मोल गणिताने दाखवलं क्लॉड शॅनन यांनी, १९४८ सालच्या एका लेखात. बेल प्रयोगशाळेतल्या या गणितज्ञाने माहिती मोजायची रीत घालून दिली आणि त्या मापाचं ‘बिट’ हे नावही त्याच लेखातून सगळीकडे पसरलं. शॅननचं सर्वांत धक्कादायक सांगणं असं: वाहिनीत, म्हणजे संदेश जातो त्या वाटेत, गोंगाट असला तरी तिच्या क्षमतेच्या आत राहून, वरकड नीट बेतून संदेश पाठवला, तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात. तोवर चुका टाळायच्या तर आवाज वाढवा नाहीतर सावकाश बोला, अशीच बहुतेकांची समजूत होती. इंग्रजी लिखाणातला निम्मा भाग वरकडच असतो, असा अंदाजही त्यांनी त्याच लेखात बांधला.

मराठीचा आकडा मी देणार नाही, पण आपली भाषा या बाबतीत चांगलीच सढळ आहे. ‘माझी जुनी निळी छत्री बसमध्ये राहिली.’ यातला ‘छत्री’ हा शब्द हॉर्नमध्ये बुडाला, तरी एकच वस्तू असेल तर ती स्त्रीलिंगी आहे, हे माझी, जुनी, निळी, राहिली असं चार-चार वेळा सांगून झालेलं असतं. रुमाल नाही, डबा नाही, पुस्तक नाही. म्हणजे छत्री, नाहीतर पिशवी. फोनवर नाव सांगताना आपण ‘ब बदकाचा’ म्हणतो आणि ‘एकोणसत्तर’ म्हटल्यावर लगेच ‘सिक्स्टी नाईन’ जोडतो. हीही वरकडच. (हल्ली नुसतं एकोणसत्तर म्हटलं तर समोरचा गप्प होतो, तो भाग वेगळा.)

माझी आत्या नारायण पेठेत राहायची. तिचा पत्ता असा: ‘लक्ष्मी रस्त्यावरून आत वळा, पत्र्या मारुती विचारा, पुढे वाड्याच्या दाराशी पिठाची गिरणी आहे. नदी दिसली की समजा, पुढे गेलात.’ या शेवटच्या वाक्याला मी संगणकशास्त्राच्या परीक्षेत पूर्ण गुण देईन. घर कुठे आहे हे त्यात कुठेच नाही, चुकलात तर कसं कळेल एवढंच आहे. तुमच्या आधार क्रमांकाचा बारावा अंक नेमकं हेच काम करतो. तो आधीच्या अकरा अंकांवरून व्हरहोफ या डच गणितज्ञाच्या पद्धतीने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर क्रमांक तिथेच अडतो. आपल्या मोबाइल नंबराला असं शेपूट नाही. एक आकडा चुकला की फोन भलत्याच घरी वाजतो. म्हणून तर पैसे पाठवण्याआधी ॲप समोरच्याचं नाव दाखवतं आणि आपण ते न वाचता पिन टाकतो.

आता आत्याच्या त्या गल्लीत नव्या माणसाला फोन घेऊन जातो. अरुंद बोळात उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि निळा ठिपका कधी शेजारच्या गल्लीत उडी मारतो. वळण चुकलं तर फोन नवा रस्ताही काढून देतो, त्यात वाद नाही. पण चूक कळणं आणि ती दुरुस्त करणं हे सगळं फोनमध्येच होतं. बॅटरी संपली की त्या माणसापाशी ना मारुती उरतो, ना गिरणी. माझंच बघा. लँडलाइन होती तेव्हा आठ-दहा घरांचे नंबर तोंडपाठ होते, आज मुलीचा नंबर सांगता येत नाही. यंत्रांत वरकड भरत गेली आणि आपल्यातली ओसरली. माहितीयुगाबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण मला खुपतं ते एवढंच.

शिवाय यंत्राची वरकड चूक पकडते, खोटेपणा पकडत नाही. दुकानदाराच्या कोडवर कोणी आपला कोड चिकटवला, तर फोन तो तितक्याच इमानाने वाचतो. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवणारेही निघाले. म्हणून काउंटरवर ती बोलकी डबी आली. तिचं स्वतःचं सिमकार्ड असतं आणि पैसे जमा झाल्याची खबर ती गिऱ्हाइकाच्या फोनला न विचारता देते. एकच गोष्ट दोन वेगळ्या वाटांनी कळली की विश्वास बसतो, हे मंडईने बरोबर ओळखलं. यूपीआय २०१६ साली आलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात त्यावर २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते काही तास अडखळलं, तेव्हा सुट्या पैशांची आठवण बऱ्याच जणांना झाली.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मंडईत नेटवर्क गेलं. मावशींची डबी गप्प, माझ्या फोनवर नुसतं चक्र फिरतंय. खिशात शंभराची एकही नोट नव्हती. मावशींनी माझ्याकडे न बघताच जुडी पिशवीत टाकली. ‘उद्या द्या हो दादा.’ माझ्या शेजारी एक मुलगा उभा होता, पाठीला लॅपटॉपची बॅग, बहुधा शहरात नवा. त्याच्या हातात कोथिंबीर आणि चार लिंबं होती. त्याने थोडा वेळ फोन वर धरून पाहिला, मग लिंबं एकेक करून परत पाटीत ठेवली. ‘त्यालाही द्या की,’ मी म्हटलं.

‘तुमच्या नावावर?’ मावशींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हणाल्या, ‘त्याचे आले सकाळीच. तुमचेच वीस राहिलेत.’