ईपीएबीएक्समधील मिरर हार्ड डिस्क बदलणे

ईपीएबीएक्स ही कार्यालयाची किंवा कारखान्याची अंतर्गत दूरध्वनी यंत्रणा होय. ती संगणकावर चालत असेल, तर तिची एक्स्टेन्शनची यादी, स्वागतसंदेश, व्हॉइसमेल, कॉलच्या नोंदी आणि ध्वनिमुद्रणे हार्ड डिस्कवर असतात. हीच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याच्या रचनेला मिरर किंवा रेड-१ म्हणतात. या जोडीतील निकामी डिस्क काढून नवी बसवणे आणि उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर सर्व माहिती उतरवून घेणे, हे या नोंदीचे विषयक्षेत्र आहे. ‘रेड’ हे नाव डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ च्या शोधनिबंधामुळे रूढ झाले. मिररची पद्धत मात्र त्याआधीपासून वापरात होती. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी सुरू केलेल्या ॲस्टेरिस्क या दूरध्वनी सॉफ्टवेअरमुळे लिनक्स ही संचालन प्रणाली असलेल्या साध्या संगणकावर ईपीएबीएक्स चालवणे लहान उद्योगांनाही शक्य झाले.

मिररमधील एक डिस्क बंद पडली तरी घंटी वाजते, बोलणे होते, पीआरआय लाइनच्या (बाहेरच्या कॉलसाठीच्या डिजिटल दूरध्वनी जोडणीच्या) तीसही वाहिन्या चालू राहतात. त्यामुळे बिघाड कोणाच्या कानावर येत नाही. लिनक्समधील एमडी या मिरर सांभाळणाऱ्या प्रणालीच्या स्थितिदर्शक ओळीत दोन ‘यू’ अक्षरांऐवजी एक ‘यू’ आणि एक रेघ दिसते, पण ती ओळ मुद्दाम पाहावी लागते. इशाऱ्याचा ईमेल योग्य पत्त्यावर जातो की नाही हे आधी तपासलेले नसेल, तर यंत्रणा कित्येक महिने एकाच डिस्कवर चालत राहू शकते.

या कामातील सर्वांत घातक चूक म्हणजे चांगली डिस्क काढणे. संगणकाने डिस्कना दिलेली नावे पुन्हा सुरू करताना अदलाबदल होऊ शकतात, म्हणून चालू डिस्कचा अनुक्रमांक स्मार्ट तपासणीतून (डिस्क स्वतःच्या स्थितीची देत असलेल्या माहितीतून) वाचून घ्यावा आणि जिच्या लेबलावर तो नाही तीच डिस्क काढावी. त्याआधी यंत्रणेचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर घेणे अत्यावश्यक आहे, कारण जोडी पुन्हा उभी करताना उरलेली डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जाते आणि तिच्यावरचे आजवर न वाचलेले खराब सेक्टर (माहिती साठवण्याचे छोटे कप्पे) नेमके तेव्हा उघड होतात. मिरर हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेले ध्वनिमुद्रण दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते.

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा अन्यत्र नवी डिस्क घेताना ती जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी. दोन्हींवर ‘५०० जीबी’ छापलेले असले तरी वेगवेगळ्या बनावटींत थोड्या सेक्टरांचा फरक असू शकतो आणि तेवढ्यानेही नवी डिस्क नाकारली जाते. नव्या डिस्कवर जुन्यासारखेच विभाग (पार्टिशन) पाडून ते एकेक करून जोडीत घेतले जातात. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने भरली, तर सुमारे पावणेतीन तास लागतात. कॉल चालू असतील तर अधिक.

भोसरी-चाकण पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते, म्हणून हे काम त्या दिवशी ठरवणे सोयीचे वाटते. परंतु पुणे परिसरात वीजवाहिन्यांच्या देखभालीसाठी पुरवठाही बहुधा गुरुवारीच बंद ठेवतात. त्यामुळे त्या दिवसाची वीजबंदीची सूचना पाहून आणि यूपीएसची बॅटरी तपासूनच सुरुवात करावी.

बूट लोडर, म्हणजे संगणक चालू होताना यंत्रणा सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, बहुतेकदा मिररच्या विभागांबाहेर असतो, म्हणून तो नव्या डिस्कवर वेगळा बसवावा लागतो. हे राहून गेले, तर पुढे जुनी डिस्क बंद पडल्यावर सर्व माहिती शाबूत असूनही यंत्रणा सुरू होत नाही. काढलेली डिस्क भंगारात किंवा वॉरंटीसाठी परत देण्याचा निर्णयही विचारपूर्वक घ्यावा, कारण मिररमधील प्रत्येक डिस्कवर एक्स्टेन्शनचे पासवर्ड आणि ग्राहकांशी झालेली संभाषणे यांची संपूर्ण प्रत असते. ती पुसता येत नसेल, तर डिस्क फोडून टाकणेच योग्य.