कामावर कंबर धरली, तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) दावा कसा करायचा?

वजन उचलताना कंबर धरते. कामगार घरी जाऊन शेक घेतो आणि चार दिवसांनी दवाखान्यात नुसतं ‘पाठ दुखते’ एवढंच सांगतो. पैसे बुडतात ते इथेच. नोंद आजारपणाची झाली, तर सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, तीही साधारणपणे वर्षात ९१ दिवसच. शिवाय ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. नोंद कामावरच्या दुखापतीची झाली, तर ९० टक्के मिळतात आणि ७८ दिवसांची अट लागत नाही. नोकरीचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे.

पात्रता : महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत हवा (दिव्यांगांसाठी २५,०००). या मर्यादेत ओव्हरटाइम धरत नाहीत. ठेकेदाराकडचे कामगारही यात येतात. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता येत नसलं पाहिजे.

आधी काय करायचं : त्याच पाळीत सुपरवायझरला सांगा आणि अपघात नोंदवहीत लिहून घ्या. मजकूर नेमका हवा : ‘रात्रपाळी, पहाटे ३ वाजता, मशीनवर ४० किलोचं कास्टिंग चढवताना कंबरेत कळ आली, सरळ उभं राहता येईना.’ शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं नाव साक्षीदार म्हणून घाला. डॉक्टरलाही हेच सांगा, कारण केसपेपरवर पहिल्या दिवशी जे लिहिलं जातं तेच पुढे पाहिलं जातं. मालकाने फॉर्म १२ मध्ये अपघाताचा अहवाल द्यायचा असतो. तो टाळत असेल, तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कागदपत्रं : ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार, बँक पासबुक, ईएसआय डॉक्टरची पहिल्यापासून शेवटपर्यंतची सर्टिफिकेटं, दाव्याचा फॉर्म ९, एक्स-रे किंवा एमआरआय, त्या दिवसाच्या हजेरीची प्रत.

मणक्याचं दुखणं कायमचं राहिलं, तर मेडिकल बोर्डाकडे पाठवण्यासाठी शाखा कार्यालयात अर्ज करा. कमाईची क्षमता किती टक्के गेली ते बोर्ड ठरवतं आणि त्या प्रमाणात पैसे मिळतात. निर्णय पटला नाही, तर अपील करता येतं.

वर्षानुवर्षं वाकून हळूहळू झिजलेल्या पाठीचा दावा मात्र अवघड जातो, कारण बोट ठेवायला एक ठरावीक घटना नसते. म्हणून ‘एवढं वजन हाताने उचलायला लावतात’ ही तक्रार दुखापतीआधीच सुरक्षा समितीकडे किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी द्या. तिच्यात वजन, पाळीतल्या खेपा आणि किती खाली वाकावं लागतं हे लिहा.